हत्ती आहे, म्हणूनच भांडण आहे

वाद रंगात यावा, आवाज चढावेत, कोणीच कोणाचे ऐकत नाही अशी वेळ यावी, आणि मग घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने घसा खाकरून आंधळ्यांची आणि हत्तीची गोष्ट काढावी, हा प्रकार मराठी घरांना नवा नाही. पायाला हात लागला त्याला हत्ती खांबासारखा वाटला, कान हाती आला त्याला सुपासारखा, शेपूट सापडले त्याला केरसुणीसारखा. तेव्हा बाबांनो, सगळ्यांचेच बरोबर. ज्याचे सत्य त्याच्यापाशी! एवढे झाले की मंडळी हसतात, चहा येतो आणि वाद मिटतो. आपल्या जुन्या पंडितांनी या गोष्टीला 'अंधगजन्याय' असे भारदस्त नावही देऊन ठेवले आहे.

या गोष्टीने आजवर कितीतरी संध्याकाळी वाचवल्या असतील, त्याबद्दल तिचे उपकारच मानले पाहिजेत. परंतु भांडण मिटणे ही एक गोष्ट आणि प्रश्न सुटणे ही दुसरी. 'ज्याचे सत्य त्याच्यापाशी' हे जे तात्पर्य आपण या कथेच्या शेपटीला बांधतो, ते तिचे स्वतःचे आहे काय? एखाद्या कवितेचा अर्थ लावताना आपण तिचे शब्द पुन्हा पुन्हा वाचतो. तेवढा मान या लहानशा कथेलाही मिळावयास हरकत नाही.

तिचे फार जुने रूप पाली भाषेतील 'उदान' या बौद्ध ग्रंथात आहे. श्रावस्तीच्या जेतवनात बुद्धाचा मुक्काम असतो. गावात नाना पंथांचे साधू जमलेले असतात. जग शाश्वत की अशाश्वत, त्याला अंत आहे की नाही, जीव आणि शरीर एक की निराळे, अशा प्रश्नांवरून त्यांची जुंपलेली असते. भिक्षू येऊन ही हकीकत सांगतात, तेव्हा बुद्ध त्यांना मागे होऊन गेलेल्या एका राजाची गोष्ट ऐकवतो. या राजाने श्रावस्तीतील सारे जन्मांध एकत्र करविले आणि आपल्या माणसाकडून त्यांना हत्ती 'दाखविला'. कोणाला मस्तक, कोणाला कान, कोणाला सुळा, कोणाला सोंड, कोणाला नुसता शेपटीचा गोंडा. मग राजाने विचारले, हत्ती कसा असतो? उत्तरे आली ती अशी: घागरीसारखा, सुपासारखा, नांगराच्या फाळासारखा, नांगराच्या दांडीसारखा, कणगीसारखा, खांबासारखा, उखळासारखा, मुसळासारखा आणि केरसुणीसारखा. मग 'हत्ती असाच', 'छे, असा नव्हेच' असे म्हणता म्हणता प्रकरण गुद्द्यांवर आले. आणि राजाला ते पाहून मोठी मौज वाटली.

या उपमांकडे जरा पाहावे. त्यांत एकही वस्तू राजवाड्यातली नाही. घागर, सूप, कणगी, उखळ, मुसळ, आणि लक्ष्मीपूजनाला जिला आपण हळदकुंकू वाहतो ती केरसुणी: सारा संसार घरचा आणि शेतावरचा. आंधळ्यांच्या हातांना जे ठाऊक होते त्यावरूनच त्यांनी नव्या वस्तूचे माप घेतले. यात त्यांचा काही दोष नाही. आपण सारेच असे करतो. आणि त्यांचा स्पर्शही खोटा नाही, कारण हत्तीचा कान खरोखरच सुपासारखा असतो. चूक होते ती पुढच्या पायरीवर. 'माझ्या हाताला लागले ते सुपासारखे आहे' हे म्हणणे सोळा आणे खरे. 'हत्ती सुपासारखा आहे' हे साफ खोटे. अनुभव आणि विधान यांच्यामध्ये जी फट आहे, तीत हे सगळे भांडण घडले आहे.

तेव्हा 'सगळ्यांचेच बरोबर' हे तात्पर्य मूळ कथेत नाही. बुद्धाचा रोख नेमका उलटा आहे: एकच बाजू पाहणारे लोक आपल्या बाजूला सर्वस्व समजून भांडतात, आणि म्हणून ते आंधळे ठरतात. पण याहूनही महत्त्वाची गोष्ट कथेच्या मांडणीतच आहे. अंगणात हत्ती एकच आहे. प्रत्येकाचा हत्ती वेगळा असता, तर भांडणाला कारणच उरले नसते. सूपवाला आपला हत्ती घेऊन एका वाटेने गेला असता, मुसळवाला दुसऱ्या वाटेने. ते हातघाईवर आले, याचा अर्थ दोघांनाही मनोमन ठाऊक आहे की आपण एकाच वस्तूविषयी बोलत आहोत. मतभेद हा सत्य नसल्याचा पुरावा म्हणून नेहमी पुढे केला जातो. वास्तविक तो सत्य असल्याची कबुली आहे.

रुची आणि वस्तुस्थिती यांतला फरक दिवाळीच्या दिवसांत समजावून द्यावा लागू नये. चकली तिखट झाली की बेताची झाली, याचा निवाडा ज्याची त्याची जीभ करील. तेथे दोघांचेही म्हणणे खरे मानता येते. पण डब्यात काल किती चकल्या होत्या आणि रात्रीतून त्या कोणी संपवल्या, या प्रश्नाला उत्तर एकच असते. मग ते कोणाला सापडो न सापडो, आणि घरातली सारी मुले मिळून काहीही सांगोत.

ग्रीस देशात प्रोटॅगोरस नावाचा पंडित ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात होऊन गेला. प्रत्येक माणूस स्वतःच सत्याचे माप असतो, ज्याला जे जसे भासते ते त्याच्यापुरते तसेच असते, असे त्याचे मत. प्लेटोने 'थिएटिटस' या संवादात त्याची बाजू मोठ्या उदारपणे मांडली आहे. वारा एकाला गार लागतो, दुसऱ्याला लागत नाही. मग वारा गार की नाही? येथवर प्रोटॅगोरसचे ठीक चालते. पुढे सॉक्रेटिस एक साधा प्रश्न टाकतो. एखाद्या माणसाला वाटते की आपल्याला ताप येणार, आणि वैद्याला वाटते की येणार नाही. उद्या काय होईल? दोघांच्या म्हणण्याप्रमाणे होईल काय? तो माणूस स्वतःपुरता तापाने फणफणेल आणि वैद्यापुरता ठणठणीत राहील काय? उद्याचा दिवस कोणाच्याही मताची पर्वा करीत नाही. अडीच हजार वर्षांच्या जवळपास झाली, पण या प्रश्नाची धार अजून बोथट झालेली नाही.

आता जैन दर्शनाकडे वळले पाहिजे. कारण या कथेवर सर्वांत अधिक विचार तेथे झाला आहे, आणि सर्वांत अधिक गैरसमजही त्याच्याच वाट्याला आला आहे. अनेकान्तवाद म्हणजे 'कोणतेही मत चालेल', आणि स्याद्वाद म्हणजे 'कदाचित असेल, कदाचित नसेल' अशी डळमळीत वृत्ती, असे अनेकांना वाटते. परंतु 'स्यात्' या पदाचा येथील अर्थ 'कदाचित' असा नाही. 'एका विशिष्ट अपेक्षेने' असा आहे. घट आहे, म्हणजे आपल्या द्रव्याच्या, आपल्या स्थळाच्या, आपल्या काळाच्या अपेक्षेने आहे. दुसऱ्याच्या अपेक्षेने नाही. अपेक्षा सांगितली की विधानातला संशय नाहीसा होतो. सूपवाल्याने 'कानाच्या अपेक्षेने' एवढे दोन शब्द जोडले असते, तर त्याचे विधान कायमचे खरे ठरले असते. एका दृष्टिकोनाला जैन 'नय' म्हणतात. आणि तोच नय इतरांना खोडून टाकून पूर्णत्वाचा आव आणू लागला की त्याला 'दुर्नय' म्हणतात. शिवाय त्या दर्शनात केवलज्ञान मानलेले आहे, म्हणजे हत्ती संपूर्ण पाहता येतो असे मानलेले आहे. वस्तू अनेक अंगांची आहे हा तिच्याविषयीचा एक ठाम सिद्धान्त आहे. ती नाहीच, असे कोणी जैन आचार्य म्हणणार नाही.

तेराव्या शतकात जलालुद्दीन रूमीने हीच गोष्ट आपल्या 'मसनवी'त घेतली, तेव्हा तिच्यात एक विलक्षण बदल केला. त्याच्या कथेत आंधळे नाहीतच. हिंदुस्थानी लोकांनी प्रदर्शनासाठी आणलेला हत्ती अंधाऱ्या घरात बांधलेला आहे, आणि चांगले डोळस लोक चाचपडत त्याला हात लावीत आहेत. कोणाला नळ वाटतो, कोणाला पंखा, कोणाला खांब, कोणाला सिंहासन. रूमीचे म्हणणे असे की प्रत्येकाच्या हातात एकेक मेणबत्ती असती, तर सारा मतभेद नाहीसा झाला असता. बदल लहान दिसतो, पण त्याने कथेचा जीव पालटतो. पाली कथेतील जन्मांधांना आशा नाही; त्यांना पाहून हसणारा राजा काय तो डोळस. रूमीकडे डोळे सर्वांनाच आहेत, उणीव आहे ती उजेडाची. एकोणिसाव्या शतकात जॉन गॉडफ्रे सॅक्स या अमेरिकन कवीने हिच्यावर विनोदी कविता केली आणि धर्मपंडितांची टर उडवली; त्याच्याही कवितेत हत्ती भिंतीसारखा भक्कम उभाच आहे. सांगणारा कोणीही असो, त्याला हत्ती दिसत असतो. तो दिसत नसता, तर ही गोष्ट त्याला सांगताच आली नसती.

मग ज्या गोष्टीत राजाही नाही, मेणबत्तीही नाही आणि हत्ती दाखवायला सांगणारासुद्धा नाही, ती कशी असेल? अशी गोष्ट विसाव्या शतकाने लिहिली. जपानी लेखक र्‍युनोसुके अकुतागावा याची एक कथा 1922 साली प्रसिद्ध झाली. मराठीत तिचे नाव 'झाडीत' असे देता येईल. तीवरून अकिरा कुरोसावाने 1950 मध्ये 'राशोमोन' हा चित्रपट काढला, आणि 1951 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्यानंतर 'राशोमोन' हा शब्दच जगभर रूढ झाला. एकाच घटनेच्या चार हकीकती आल्या की समीक्षक लिहून मोकळा होतो: लेखकाने येथे सत्याची सापेक्षता दाखविली आहे. हा शेरा इतका सवयीचा झाला आहे, की मूळ कलाकृती उघडून पाहण्याची गरज कोणाला भासत नाही.

कथा उघडली तर काय दिसते? झाडीत एका सामुराईचे प्रेत सापडले आहे. लाकूडतोड्या, प्रवासी भिक्षू, शिपाई आणि मृताची सासू अशा चौघांच्या जबान्या होतात. पुढे तिघे बोलतात. दरोडेखोर म्हणतो, मी त्याला तलवारीच्या द्वंद्वात मारले. बायको म्हणते, मी त्याच्या छातीत कट्यार खुपसली. आणि माध्यमाच्या तोंडून बोलणारा मृतात्मा म्हणतो, मी स्वतःच स्वतःला संपवले. विशेष हे की तिघांपैकी एकही जण आरोप दुसऱ्यावर ढकलीत नाही. प्रत्येकजण मरण आपल्या नावावर घेतो. शिक्षा चुकवण्यासाठी माणसे खोटे बोलतात हे आपल्याला ठाऊक होते. आपल्याविषयीचे आवडते चित्र जपण्यासाठी माणूस खुनाचा आळसुद्धा पत्करील, ही अकुतागावाने दाखवलेली अधिक भयंकर गोष्ट आहे.

पण यातून सत्य सापेक्ष कसे ठरते? सामुराई एकदाच मेला आहे, छातीवरच्या एकाच घावाने. तलवारीने आणि कट्यारीने, बायकोच्या हाताने आणि स्वतःच्या हाताने, असा तो तीनदा मरू शकत नाही. तीन हकीकतींपैकी किमान दोन खोट्या आहेत, हे कथेचा प्रत्येक वाचक न सांगता ओळखतो. आणि कोणत्या दोन, हे कळत नाही म्हणूनच तो अस्वस्थ होतो. तिन्ही हकीकती आपापल्या परीने खऱ्या असत्या, तर अस्वस्थ व्हावयाचे कारणच नव्हते. पुस्तक मिटून त्याला शांत झोप लागली असती. सत्य आहे आणि ते हाती लागत नाही, या दुःखावर ही कथा उभी आहे.

कुरोसावाने तर आणखी पुढचे पाऊल टाकले. चित्रपटातील न्यायाधीश आपल्याला दिसत नाही, त्याचा आवाजही ऐकू येत नाही. साक्षीदार आपल्याकडे तोंड करून बसतात. म्हणजे राजाची रिकामी जागा प्रेक्षकाला दिलेली आहे, आणि त्याच्यापाशी राजाचे डोळे मात्र नाहीत! शिवाय कुरोसावाने लाकूडतोड्याच्या तोंडी एक नवी हकीकत घातली. त्याने सारे पाहिले होते, पण न्यायालयात तो ते बोलला नाही. का बोलला नाही? तर ती मौल्यवान कट्यार त्याने लांबवली होती, म्हणून. त्याचे मौन तत्त्वज्ञानातून आलेले नाही. घरात सहा पोरे आहेत आणि हाताला चोरी लागली आहे. कोसळत्या पावसात, मोडक्या वेशीखाली बसलेला भिक्षू हताश होतो, तो सत्य नाही म्हणून नव्हे. माणसे खोटे बोलतात म्हणून. आणि खोटे या शब्दाला अर्थ राहतो, तो खरे काहीतरी असते तोवरच.

येथे एखादा चिकित्सक वाचक म्हणेल, हे सारे गोष्टींतले झाले. प्रत्यक्ष व्यवहारात 'ज्याचे सत्य त्याच्यापाशी' असे म्हटल्याने कोणाचे काय बिघडते? बसल्या बैठकीत काहीच बिघडत नाही. बिघडते ते तुरुंगातल्या माणसाचे.

फ्रान्सच्या सैन्यातील आल्फ्रेड ड्रेफस या ज्यू कॅप्टनला 1894 साली हेरगिरीच्या आरोपावरून लष्करी न्यायालयाने दोषी ठरवले. पुरावा म्हणजे एक चिठ्ठी, आणि तिचे अक्षर त्याचे असल्याचा दावा. त्याची भरचौकात मानहानी करून त्याला दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील डेव्हिल्स आयलंड या बेटावर टाकले. 1896 मध्ये हेरखात्याचा नवा प्रमुख पिकार याच्या हाती एस्टरहाझी नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याचे अक्षर आले. त्याने ते त्या चिठ्ठीशी ताडून पाहिले, आणि ते तंतोतंत जुळले. पिकारला ज्यूंविषयी ममत्व होते असे मुळीच नाही. पण अक्षर ते अक्षर. वरिष्ठांनी काय केले? त्यालाच ट्युनिशियाकडे धाडले, आणि पुढे कैदेतही टाकले. लष्कराने एकदा दिलेला निकाल चुकूच शकत नाही, अशी त्यांची धारणा. 13 जानेवारी 1898 रोजी कादंबरीकार एमिल झोला याने आपले प्रसिद्ध जाहीर पत्र छापले, आणि त्यालाच शिक्षा होऊन इंग्लंडला पळावे लागले.

यापुढचा प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलका आहे. 1899 साली रेन गावी ड्रेफसची पुन्हा चौकशी झाली. तोवर सारा देश दोन तटांत विभागलेला. न्यायाधीशांनी निकाल दिला तो असा: आरोपी दोषी आहे, पण सौम्य शिक्षेला पात्र अशी परिस्थिती आहे, दहा वर्षे कैद. हेरगिरी, आणि तीही सौम्य! लगोलग राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली. दोन्ही तट थोडे थोडे खरे, असे धरून काढलेला हा मधला मार्ग होता. पण त्या चिठ्ठीचे अक्षर अर्धे ड्रेफसचे आणि अर्धे एस्टरहाझीचे नव्हते. न केलेल्या गुन्ह्याची माफी घेऊन माणूस सुटतो, निर्दोष होत नाही. निर्दोष ठरायला 1906 साल उजाडावे लागले, जेव्हा वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल रद्द केला. ज्याच्या हाती सत्ता असते त्याला सत्य अनेक असले तरी चालते. त्यातले सोयीचे तो निवडू शकतो. दुर्बळाच्या हाती एवढीच एक गोष्ट असते की घडले ते घडले, आणि घडले नाही ते नाही. तीही काढून घेतली, तर त्याने दाद कोणाकडे मागायची?

मात्र याच प्रकरणात दुसऱ्या टोकाचाही धडा आहे, आणि तो विसरून चालणार नाही. सेनाधिकाऱ्यांचा सत्यावर विश्वास नव्हता असे नाही. सत्य आपल्या कपाटात कुलूपबंद आहे, असा त्यांचा विश्वास होता. ते स्वतःला श्रावस्तीचे राजे समजत होते. सत्य निरपेक्ष आहे असे म्हणणे आणि ते संपूर्णपणे माझ्या मुठीत आहे असे म्हणणे, ही दोन अगदी वेगळी विधाने आहेत. आणि जगातले पुष्कळसे छळ या दोहोंची गल्लत झाल्याने झाले आहेत. तो छळ पाहून घाबरलेले सज्जन मग पहिलेच विधान सोडून देतात. गाडी उलटली म्हणून रस्ताच उखडून टाकावा, तसा हा प्रकार आहे.

महात्मा गांधींनी ही गल्लत टाळली होती. 1926 साली 'यंग इंडिया'त अनेकान्ताविषयी लिहिताना त्यांनी हीच आंधळ्यांची गोष्ट घेतली. आपापल्या दृष्टीने ते सारे बरोबर, एकमेकांच्या दृष्टीने चूक, असे सांगून ते थांबले नाहीत. हत्ती ज्याला ठाऊक आहे त्याच्या दृष्टीने ते बरोबरही आणि चूकही, असे तिसरे अंग त्यांनी जोडले. सत्यालाच ईश्वर मानणाऱ्या या माणसाने 1920 साली हंटर कमिटीपुढे असे सांगितले होते, की निरपेक्ष सत्य जाणण्याची माणसाची ताकद नाही, म्हणून दुसऱ्याला शिक्षा करण्याचा अधिकारही त्याला नाही, आणि म्हणूनच सत्याग्रहात हिंसेला जागा नाही. सत्य एक आहे म्हणून आग्रह, आणि माझे ज्ञान अपुरे आहे म्हणून अहिंसा. यातला एक पाय काढला तर दुसरा उभा राहत नाही.

शेवटी पुन्हा त्या पाली कथेविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती वाचताना एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही: त्या आंधळ्यांपैकी एकही जण आपल्या जागेवरून हलला का नाही? कान धरून उभा असलेल्याने दोन पावले पुढे सरकून सोंडेला हात लावायचा होता. मुसळवाल्याने केरसुणीवाल्याला विचारायचे होते, की बाबा, तुझी केरसुणी जेथे सुरू होते तेथेच माझे मुसळ संपते काय? डोळे नसतानाही, हाताने हात जोडीत जोडीत, त्यांना हत्तीची आकृती बरीचशी उभी करता आली असती. काही चुका राहिल्या असत्या, त्या पुढच्याने सुधारल्या असत्या. विज्ञान याहून वेगळे काय करते? चांगला न्यायाधीश काय करतो? पिकारने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, एवढेच तर केले होते. 'सगळ्यांचेच बरोबर' असे म्हणणारा माणूस उदार दिसतो, पण आंधळ्यांना जागच्या जागी उभे करून ठेवतो. 'माझेच बरोबर' म्हणणाराही तेच करतो.

तेव्हा यापुढे घरात वाद रंगला आणि कोणी हत्तीची गोष्ट काढली, तर ती अवश्य ऐकावी, हसावे, चहाही घ्यावा. पण ती तेथे संपवू नये. तुझ्या हाताला काय लागले, ते नीट सांग. आणि मी उभा आहे तेथे येऊन एकदा हात लावून पाहा, एवढे एकमेकांना म्हणावे. रूमीच्या कथेत लोकांच्या हाती मेणबत्त्या नव्हत्या. आपल्याकडे या दिवसांत उंबऱ्यापासून तुळशीवृंदावनापर्यंत पणत्याच पणत्या असतात. एका पणतीचा उजेड तो केवढा, हत्तीच्या एका पायापुरता! पण पणतीला पणती जवळ आणली की उजेड वाढतो, आणि अंधारात जे आधीपासून उभे होते ते थोडे थोडे दिसू लागते.